दोन वह्या

सूर्यास्तापूर्वी चोविहार करून पुन्हा पेढीवर यायचे, रोकड मोजायची आणि रोजमेळ जुळला की मगच कुलूप लावायचे, असा आमच्या घराण्याचा शिरस्ता आहे. वडील हयात होते तेव्हा मुक्ताईनगरला जुनी माणसे एदलाबादच म्हणत. आडतीवर कापूस, दादर, हरभरा येई आणि हिशेब सारा हातानेच होई. वडिलांचा एक नियम होता. मेळात रुपया कमी आला तर रात्री बारापर्यंत बसावे, चूक शोधावी. परंतु खिशातला रुपया गल्ल्यात टाकून मेळ बसवू नये. ‘रुपया गेला त्याचे काही नाही, पण चूक वहीत राहते,’ असे ते म्हणत.

हेच वडील १९९४ साली त्याच गादीवर एका बाजूला कलंडले. उजवे अंग गेले, वाचा गेली. जळगावला नेले तेव्हा वरचा दाब २१० होता. त्यापूर्वी त्यांचा रक्तदाब कोणी कधी मोजलाच नव्हता, कारण त्यांना काही होत नव्हते. पुढची चार वर्षे ते पलंगावर होते. गावभरची उधारी तोंडपाठ असलेला माणूस पाणी मागण्यासाठी डाव्या हाताने पलंगाची कड वाजवीत असे. तो आवाज आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. आणि तरीही पुढे मी जे केले ते केले. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो आहे.

माझा स्वतःचा रक्तदाब प्रथम मोजला गेला तो २०१६ साली, स्थानकात भरलेल्या आरोग्य शिबिरात. आकडा १६४/१०० आला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मी आठ महिने घेतली, मग बरे वाटते म्हणून बंद केली. वास्तविक बरे वाटत नव्हते असे त्यापूर्वीही कधी नव्हते. या व्याधीची लबाडी हीच आहे की ती बहुधा काही बोलत नाही. दात दुखला तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. दाब मात्र वर्षानुवर्षे रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे झिजवीत राहतो आणि आपण रोज गादीवर बसून ‘आपले उत्तम चालले आहे’ असे म्हणत राहतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जळगाव येथून पन्नास-साठ किलोमीटर. एरवीही तेथे जायचे म्हणजे महामार्गावरच्या केळीच्या ट्रका, रांग, नंबर यांत अख्खा दिवस मोडे, आता तर रस्ताच बंद. पुण्याच्या मुलाने टाळेबंदी जरा सैल होताच कुरियरने दंडावर बांधायचे मशीन पाठविले आणि जळगावच्या एका डॉक्टरांशी मोबाईलवर गाठ घालून दिली. योगायोग असा की ज्या २५ मार्चपासून देश बंद झाला, त्याच तारखेला केंद्र शासनाने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले होते. नोंदणीकृत डॉक्टरांनी दृश्य संवादाने, फोनवर किंवा संदेशाने रुग्ण तपासावा, त्यास औषध लिहून द्यावे, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक घालावा, हे सारे त्यामुळे स्पष्ट झाले. त्या नियमांत जुन्या रुग्णाच्या औषधात भर घालण्याचे उदाहरण दिले आहे तेही रक्तदाबाचेच आहे: एका गोळीने दाब आटोक्यात येत नसेल तर दुसरी जोडता येईल.

पडद्यावर डॉक्टर प्रथम म्हणाले ते हे: ‘काका, मला तुमची नाडी लागत नाही, तुमचा दंड हाती येत नाही. मला दिसणार तुमची वही. तिच्यावरच मी उपचार करणार.’

वही हा शब्द ऐकून मला बरे वाटले. हे आपल्याला जमणार, असे वाटले.

मोजण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागली. मी पहिल्या दिवशी गादीवर तक्क्याला रेलून, मुनीमजींशी सरकीचा भाव बोलत, हात तसाच खाली सोडून मोजले आणि १७२ पाहून घाबरलो. डॉक्टरांनी एकेक गोष्ट दुरुस्त केली. खुर्चीवर बसावे, पाठीला टेका असावा, पावले जमिनीला टेकलेली असावीत, पायावर पाय नसावा. दंड उघडा असावा, पट्टा कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर बांधावा आणि हात मेजावर अशा उंचीवर ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याशी येईल. हात लोंबता राहिला तर आकडा वाढून दिसतो. अर्धा तास आधीपासून चहा नको, तंबाखू नको. लघवीस जाऊन यावे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मोजताना तोंडातून शब्द काढू नये. ही शेवटची अट व्यापाऱ्याला सर्वांत जड. दंड जाड असेल तर पट्टाही मोठा घ्यावा लागतो, नाहीतर मशीन खोटे बोलते. मनगटावरची यंत्रे त्यांना फारशी भरवशाची वाटत नाहीत.

सकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. सायंकाळी तसेच दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर दाब वाढलेला समजतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची असते. एका दिवसाच्या विक्रीवरून आपण वर्षाचा नफा सांगत नाही, मग एका आकड्यावरून आयुष्यभराची गोळी तरी का ठरवावी, हे मला लगेच पटले. काहींचा दाब पांढरा कोट पाहूनच वाढतो आणि घरी उतरतो. माझे उलट निघाले. दवाखान्यात मी शांत असे. कापसाच्या हंगामात पेढी बंद होण्याच्या वेळचा आकडा मात्र सर्वांत वरचा. दवाखान्यात तो कोणाला कधीच दिसला नसता.

आपल्या घरातल्या दिनक्रमात ही मोजणी सुरेख बसते. नवकारशीपूर्वी पोटात काही गेलेले नसते, गोळीही घेतलेली नसते. सकाळची वेळ ती. सामायिकात विजेचे साधन चालत नाही, म्हणून मोजणी आटोपूनच मी आसनावर बसतो. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर दाब किती उतरतो हे पाहण्याचा मोह मला एकदा झाला होता. सौ. म्हणाल्या, सामायिक मापण्यासाठी करता की करण्यासाठी? तो विषय तेथेच संपला.

दोन वर्षे सारे ठीक चालले. दर महिन्याला वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवायचे, दहा मिनिटे बोलायचे, तीन-चार महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी येथेच करून अहवाल पाठवायचा. वर्षातून एकदा मात्र समक्ष जायचे; डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचा आलेख मोबाईलवर निघत नाही.

२०२२ साली मला साठावे लागले. सौ.च्या तीन अठाया झालेल्या, धाकट्या भावाची झालेली, माझी एकही नाही. गोळ्या चालू म्हणून दरवर्षी कोणीतरी थांबवी. अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे पाहून आलो आणि मनाशी ठरविले की यंदा पर्युषणात अठाई करायचीच. डॉक्टर परवानगी देतील ती आकडे चांगले असतील तरच, हेही उघड होते. आणि उन्हाळ्यापासून आकडे चांगले नव्हते. लग्नसराई होती, जेवणे होती, एका पार्टीकडे मोठी रक्कम अडकली होती. सकाळी १५० च्या आत काही येईना.

पहिल्यांदा मी इतकेच केले की तीनदा मोजून सर्वांत कमी आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात पाच वेळा मोजू लागलो. मग एके दिवशी मशीनने १५४/९६ दाखविले आणि माझ्या हाताने १२८/८० लिहिले. कोणी पाहत नव्हते. पेन थांबलेही नाही.

परंतु खरा आकडा कुठेच न लिहिणे हेही माझ्या हाताला जमेना. चाळीस वर्षांची सवय. मेजाच्या कुलूपबंद खणात एक छोटी लाल वही होती, तिच्यात मी खरे आकडे लिहू लागलो. म्हणजे डॉक्टरांसाठी एक वही आणि खणात दुसरी. आयुष्यात जे एका पैशाच्या व्यवहारात केले नव्हते ते मी स्वतःच्या देहाच्या हिशेबात केले, आणि तेही तपासाठी. डॉक्टरांना पाने जात राहिली. ते म्हणत, ‘छान चालले आहे काका, हीच गोळी चालू ठेवा.’ असे तीन महिने गेले. आज वाटते, दुसऱ्याची वही तपासताना इतके गुळगुळीत आकडे दिसले असते तर मी मुनीमजींना लगेच हाक मारली असती.

पर्युषणाला पंधरा दिवस असतील. रात्री साडेआठच्या सुमारास रोजमेळ लिहीत होतो. पेन बोटांतून निसटले. उचलले, पुन्हा निसटले. मुनीमजींना ‘पेन’ म्हणायला गेलो आणि शब्दच येईना. शब्द मला समोर दिसत होता, तोंडातून निघत नव्हता. त्यांनी घरी फोन लावला. सूनबाई धावत आली, तिने लागलीच डॉक्टरांना पडद्यावर घेतले. त्यांनी मला हसायला सांगितले, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगितले, नाव सांगा म्हणाले. उजवा हात खाली येत होता. तोपर्यंत पंधरा मिनिटे झाली असतील. आणि अचानक सारे पूर्ववत झाले. वाचा आली, हात राहिला. मी म्हणालो, झाले, आता काही नाही, सकाळी पाहू.

‘सकाळी नाही, आता,’ डॉक्टर म्हणाले. ‘बरे वाटले तरी गाडी काढा. हे फोनवर बघायचे दुखणे नाही.’ मेंदूचा मोठा झटका येण्यापूर्वी असा छोटा इशारा येऊन जातो, त्याच्या पुढचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात; आणि खरोखर झटका आलाच तर गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, हे मला नंतर कळले. त्या रात्री भुसावळ मागे टाकून जळगाव गाठेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मी उजव्या हाताची बोटे एकेक करून मोजत होतो.

तेथे दाब १९० निघाला. डॉक्टरांनी माझी वही पाहिली, मग मला पाहिले आणि सूनबाईला विचारले, ‘मशीन आणले आहे का?’ तिने आणले होते. मशीनला स्वतःची आठवण असते हे मला ठाऊकच नव्हते. तिने एक कळ दाबली आणि मागचे आकडे एकामागून एक पडद्यावर येऊ लागले: १५६, १५२, १६१, १५४. वहीत त्याच दिवशी १२८, १२६, १२८, १३०. सूनबाईने मान वर केली नाही. मग मीच तिला खणाची किल्ली कुठे असते ते सांगितले.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘म्हणजे तीन महिने मी दुसऱ्याच माणसावर उपचार करत होतो, काका.’

मेंदूच्या तपासणीत कायमची इजा दिसली नाही. तीन दिवसांनी घरी आलो. सौ.नी काही विचारले नाही. मी पलंगावर टेकलो तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या; त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड दोनदा वाजविली आणि आत निघून गेल्या.

त्या वर्षी अठाई झाली नाही, हे सांगायला नको. चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींना जाऊन मी सारे सांगितले, आलोयणा केली. त्यांनी उपवासाचे पच्चक्खाण दिले नाही. तपाचे प्रकार काय एक अनशनच आहे, असे विचारले. ऊणोदरी आहे, रसपरित्याग आहे. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला असतो तो उगाच नाही, हेही त्यांनी आठवून दिले. मग चार महिने पापड, लोणचे, शेव आणि वरून घेतलेले मीठ यांचा त्याग मी घेतला. दिगंबर परंपरेत तर त्यागण्याच्या सहा रसांत मीठ मोजलेलेच आहे.

हा त्याग अठाईहून सोपा असेल असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, भाकरी, खाकरा सारे आले. आपल्याकडे पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून ताटात येतात गट्टे, पापड, बिबडे, शेव. ज्या दिवशी आपण संयम पाळतो असे मानतो त्याच दिवशी पोटात सर्वांत जास्त मीठ जाते, याचा विचार आमच्या स्वयंपाकघरात तरी कधी झाला नव्हता. पापडखारातही सोडियमच असते. आता सूनबाई तिथीला मुगाचे वरण, कमी मिठाचे फुलके आणि ताक करते. पहिला महिना सारे बेचव लागले. मग जिभेला सवय झाली, आणि आता लग्नातली भाजी खारट लागते.

ज्या साधर्मिक बंधुभगिनींना गोळ्या चालू आहेत आणि तप करावयाचे आहे, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणाऱ्या असतात; उपवासात पाणी कमी पडले की त्याच गोळीने दाब एकदम खाली येऊन भोवळ येते. काही गोळ्या अशा की अचानक तोडल्या तर दाब उसळून वर जातो. कोणती कमी करायची, कोणती चालू ठेवायची, हे ज्याचे त्याचे डॉक्टरच सांगू शकतात. तेही खरे आकडे हाती असतील तर. रात्रीच्या गोळीने चोविहार मोडतो अशी अनेकांची अडचण असते. माझ्या डॉक्टरांनी माझ्या सर्व गोळ्या सकाळवर आणल्या. २०२२ मध्येच ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा. गोळी सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, झटक्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. घ्यायची मात्र रोज.

ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाहीत त्यांच्यासाठी शासनाची ई-संजीवनी सेवा एप्रिल २०२० पासून घरबसल्या मिळते, तीही विनामूल्य. कुऱ्हा भागातले आमचे एक जुने शेतकरी गिऱ्हाईक गावच्या उपकेंद्रावरूनच डॉक्टरांशी बोलतात. तेथील आरोग्य अधिकारी दाब मोजतात आणि शेजारी बसून संवाद घडवून आणतात. ‘शेठ, तुमचं मशीन तुमच्या घरी, आमचं गावात,’ असे ते मला परवा म्हणाले. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला तेव्हा आपल्या राज्यातून भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात होते. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. तारखेला गोळ्या न्यायला न आलेल्या रुग्णांची यादी निघते आणि त्यांना फोन जातो. थकबाकीदाराला आठवण द्यावी तशी. या कामाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

संवत्सरीच्या दिवशी डॉक्टरांना मी मिच्छामि दुक्कडमचा संदेश पाठविला. दरवर्षीच पाठवितो, पेढीच्या सर्व गिऱ्हाइकांना जातो तोच. त्या वर्षी मात्र वेगळा लिहिला, खोट्या पानांच्या तारखा घालून. त्यांचे उत्तर आले: ‘आजचा आकडा पाठवा.’

आता वही एकच आहे, तीच लाल. कुलूप नाही. नात सायंकाळी मशीनची कळ दाबून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहते आणि पानाखाली आपली सही करते. अकरावीत वाणिज्य शाखेला आहे, लेखापरीक्षणाचा सराव होतो म्हणते. दुसरी गोळी जोडल्यापासून माझी सरासरी १२९/७९ वर आहे. हा आकडा खरा आहे.

काल सकाळी मात्र १४६ आला. आदल्या रात्री बुऱ्हाणपूरच्या लग्नाहून उशिरा परतलो होतो, झोप चार तास. एक मिनिट थांबून पुन्हा मोजले तर १४४. दोन्ही लिहिले. डॉक्टरांना पान गेले तेव्हा त्यांनी दुपारी एका ओळीत विचारले, ‘काका, पंगतीत पापड होते का?’

होते. दोन घेतले. तेही वहीत लिहिले आहे.